साबण, काशी आणि पाषाण

दशाश्वमेध घाटाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. अठराव्या शतकात बाळाजी बाजीराव पेशव्यांनी हा घाट बांधून काढला, पुढे अहिल्याबाई होळकरांनीही त्याच्या कामाला हात लावला. काशीयात्रेला निघालेली किती मराठी कुटुंबं या पायऱ्यांवरून गंगेत उतरली असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्या पायऱ्यांच्या तळाशी, जिथे दगड संपतो आणि पाणी सुरू होतं, तिथे रोज रसायनशास्त्राचं एक अख्खं प्रकरण घडत असतं. कुणी अंगाला मोहरीचं तेल चोळून बुडी मारतो आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरत जातो. कुणी साबण लावून धोतर धुतो आणि फेसाबरोबर पांढरट, चिकट थर पायरीला बसतो. कुणी गंगेत दुधाची धार सोडतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की घरी नेलेल्या पाण्यात तुरटी फिरवतात आणि तासाभरात गाळ तळाला जातो. आरतीच्या तबकात कापूर असतोच.

तेल, साबण, दूध, गाळ आणि कापूर. यांतल्या प्रत्येकात काही कण किंवा रेणू, कुणी हात न लावता, आपापली जागा घेत असतात. आज नॅनोपदार्थ घडवणारे शास्त्रज्ञ याला स्वयंजुळणी म्हणतात: रेणू असे निवडायचे की ते स्वतःहूनच हवी ती रचना उभी करतील. हे तंत्र अगदी अलीकडचं, परदेशी प्रयोगशाळांतून आयात झालेलं, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिला मोठा धक्का देणारा इतिहास याच काशीत, घाटापासून तीन-चार मैल दक्षिणेला सुरू होतो आणि पुण्यात पाषाण रस्त्यावर येऊन पोचतो.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये सत्तावीस वर्षांचा एक तरुण बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. त्याचं नाव शांतिस्वरूप भटनागर. जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा, पंजाबातल्या शाहपूर जिल्ह्यात भेरा गावी. वडील गेले तेव्हा मूल आठ महिन्यांचं होतं. आजोळी, इंजिनिअर असलेल्या आजोबांच्या घरात ते वाढलं, आणि यंत्रांची ओढ तिथेच लागली. पुढे लाहोरला शिक्षण झालं. दयालसिंग कॉलेजच्या विश्वस्तांनी परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती अमेरिकेला जाण्यासाठी. पण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटी घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरलेल्या होत्या. इंग्लंडमध्ये अडकलेल्या भटनागरांनी विश्वस्तांची परवानगी घेतली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. एफ. जी. डॉनन यांच्याकडे नाव घातलं. बोटीत जागा मिळाली असती तर भारतातल्या कलिल रसायनाचा इतिहास वेगळा झाला असता, यात शंका नाही. डॉनन हे या विषयातलं त्या वेळचं बडं नाव होतं.

कलिल म्हणजे धड द्रावणही नाही आणि धड गाळही नाही अशी अवस्था. कण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, पण एकट्या रेणूपेक्षा कितीतरी मोठे. साधारण एक नॅनोमीटर ते एक हजार नॅनोमीटर या टापूतले. ‘नॅनो’ हा उपसर्ग विज्ञानात रुळण्याच्या कितीतरी आधी कलिल रसायन नेमक्या याच टापूत काम करत होतं.

त्या टापूत डोकावण्याची पहिली खिडकी उघडली ती तेलाने. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम कॉमनवरच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, असं त्यांनी १७७४ मध्ये छापलेल्या निबंधात लिहून ठेवलं. तवंग किती पातळ आहे याचा हिशेब मात्र त्यांनी केला नाही. तो लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये केला, आणि त्यासाठी वापरला कापूर. स्वच्छ पाण्यावर कापराचा बारीक खडा टाकला की तो गरगर फिरू लागतो, कारण त्यातून सुटणारा कापूर आजूबाजूचं पृष्ठताण एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी करत राहतो. बोटाला लागलेला तेलाचा अंश पाण्याला टेकवला की नाच जागच्या जागी थांबतो. रॅले यांनी ८४ सेंटिमीटर व्यासाच्या टबात पाणी घेतलं आणि कापूर थांबवायला किती तेल लागतं ते मोजलं. उत्तर आलं ०.८१ मिलिग्रॅम. पाण्याच्या क्षेत्रफळाने भागलं तर थराची जाडी निघाली सुमारे १.६ नॅनोमीटर. तेलाचा थर जवळजवळ एका रेणूइतका जाड! घरातला कापूर, परातीतलं पाणी आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर माणसाने नॅनोमीटर मोजला होता.

पुढच्याच वर्षी रॅले यांच्या हाती जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून एक पत्र आलं. आग्नेस पॉकेल्स नावाच्या बाईंचं. विद्यापीठाचं शिक्षण त्यांना मिळालं नव्हतं. घर सांभाळता सांभाळता, पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या भांड्यात पृष्ठभागावरचा तवंग एका पट्टीने ढकलून आवळायचा आणि पृष्ठताण कसं बदलतं ते पाहायचं, हे तंत्र त्यांनी स्वतः बसवलं होतं. रॅले यांनी ते पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापवून आणलं. नंतर इर्व्हिंग लँगम्यूर यांनी हीच पद्धत सुधारून वापरली, रेणू पाण्यावर डोकं खाली आणि शेपूट वर करून शिस्तीत उभे राहतात हे १९१७ मध्ये दाखवलं, आणि पृष्ठरसायनातल्या कामासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. पॉकेल्सबाईंच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही, हे खटकतं.

भटनागर लंडनला पोचले ते लँगम्यूर यांचं १९१७ चं काम ताजं असताना. त्यांनी विषय घेतला पायसांचा. तेल आणि पाणी साबणाबरोबर घुसळलं की पायस होतं. ते दोन प्रकारचं असू शकतं: पाण्यात तेलाचे थेंब, म्हणजे दुधासारखं, किंवा तेलात पाण्याचे थेंब, म्हणजे लोण्यासारखं. दिसायला दोन्ही पांढरी, दाट. कुठलं कुठलं, हे ओळखायचं कसं?

भटनागरांची युक्ती अगदी साधी होती. पायसात विजेची दोन टोकं बुडवायची आणि प्रवाह मोजायचा. बाहेरचं माध्यम पाणी असेल तर वीज वाहते, तेल असेल तर जवळपास थांबते. मग ते पायसात थोडंथोडं क्षारद्रावण घालत गेले. सोडियमच्या साबणावर उभं असलेलं पायस बराच वेळ वीज वाहू देतं. बेरियमसारख्या द्विसंयुजी किंवा ॲल्युमिनियमसारख्या त्रिसंयुजी धातूचा क्षार एका ठरावीक मात्रेला पोचला की मोजयंत्राचा काटा धाडकन खाली येतो. पायस उलटलेलं असतं. आतलं बाहेर, बाहेरचं आत. त्रिसंयुजी आयन हे काम सर्वांत कमी मात्रेत करतात, हेही दिसलं. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९२० आणि १९२१ मध्ये पायसांवरचे त्यांचे निबंध छापून आले. उच्च मेदाम्लांचे द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी क्षार तेलात किती विरघळतात आणि तेलाचं पृष्ठताण कसं बदलतात, या प्रबंधावर १९२१ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

घाटाच्या पायरीवर धोतर धुताना साचणारा तो पांढरट थर म्हणजे हेच द्विसंयुजी क्षार. गंगेच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या सोडियमची जागा घेतं आणि साबण पाण्यात विरघळेनासा होतो. लंडनमध्ये बाटलीत अभ्यासलेला पदार्थ काशीत पायऱ्यापायऱ्यांवर पडलेला होता. तुरटीचंही तसंच. गाळाचे कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा तिप्पट धनभार ती ढकलाढकली संपवतो, आणि त्याचा बुळबुळीत हायड्रॉक्साइड उरलेल्या कणांना गोळा करून तळाला नेतो. एकसंयुजी मिठाने हेच साधायचं तर शेकडो पट जास्त मात्रा लागेल.

बनारसची ती वर्षं धामधुमीची होती. विद्यापीठाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ ला बसलेली, म्हणजे संस्था जेमतेम पाच वर्षांची. असहकाराची हाक आलेली. सरकारमान्य विद्यापीठं सोडा, असं गांधीजी विद्यार्थ्यांना सांगत होते आणि १० फेब्रुवारी १९२१ ला त्याच शहरात काशी विद्यापीठ सुरू झालं होतं. मदनमोहन मालवीय मात्र आपलं विद्यापीठ चालूच राहिलं पाहिजे यावर ठाम. विद्यार्थी वर्गात बसावेत की रस्त्यावर उतरावेत असा पेच असताना विज्ञानाचं संशोधन उभं करायचं काम सोपं नव्हतं. भटनागरांनी तीन वर्षांत ते केलं. उपकरणं मोजकी, पण साबण, तेल, डिंक आणि क्षार यांना परदेशाची वाट पाहावी लागत नाही. कलिल रसायन गरीब देशाला परवडणारं विज्ञान होतं, आणि भारतात त्या काळी ते फोफावलं याचं हे एक मोठं कारण असावं. कलकत्त्यात ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि अलाहाबादेत नीलरतन धर याच विषयात काम करत होते. शिवाय भटनागर कवी होते, मुख्यतः उर्दूत लिहीत. पण बनारस हिंदू विद्यापीठाचं हिंदी कुलगीत त्यांच्याच लेखणीतून उतरलेलं आहे.

बनारसला त्यांच्यासोबत साबणाच्या द्रावणांवर काम केलेले माता प्रसाद पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले. तिथे त्यांनी सिलिसिक आम्लाच्या जेलांचा दीर्घ अभ्यास केला. काशीचा एक धागा असा त्याच पिढीत मुंबईला पोचला. बनारसमध्येही काम थांबलं नाही. काशीतले मराठी वैज्ञानिक म्हटलं की आपल्याला नारळीकर आठवतात. रसायनाच्या बाजूला मात्र श्रीधर सर्वोत्तम जोशी होते. कलिलांचे कण एकत्र येऊन साकळण्याचा वेग त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला, आणि वायूतल्या विद्युत्-विसर्जनावर प्रकाशाचा जो परिणाम होतो त्याला ‘जोशी परिणाम’ हे नाव मिळालं. मराठीत त्यांच्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे. ही उणीव भरून निघायला हवी.

१९२४ मध्ये भटनागर लाहोरच्या विद्यापीठात गेले. तिथली एक हकिगत सांगायलाच हवी. अटक ऑइल कंपनी तेलविहिरी खोदताना चिखलाचं द्रावण वापरत असे. जमिनीतल्या खारट थराशी गाठ पडली की तो चिखल घट्ट होऊन बसायचा आणि खोदकाम ठप्प. काशीच्या गाळात तुरटी जे करते तेच इथे मीठ करत होतं, फक्त नको त्या जागी. भटनागरांनी देशी डिंक मिसळण्याचा उपाय सुचवला. डिंकाचे रेणू चिखलाच्या कणांभोवती बसतात आणि मिठाच्या आयनांना दाद देत नाहीत. कंपनीने खूश होऊन संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ती रक्कम भटनागरांनी स्वतःकडे न घेता विद्यापीठाच्या हवाली केली.

साबणाचा दुसरा धागा इंग्लंडमध्येच, ब्रिस्टॉलला विणला जात होता. जेम्स विल्यम मॅकबेन हे मूळचे कॅनडाचे, जन्म १८८२. त्यांना साबणाच्या द्रावणातलं एक कोडं सुटत नव्हतं. बाष्पदाब मोजला तर द्रावणात फारच थोडे कण आहेत असं वाटायचं. वीज सोडली तर वाटायचं, भरपूर आयन आहेत. दोन्ही मापं खरी. मग १९१३ मध्ये त्यांनी कल्पना मांडली की साबणाचे अनेक आयन एकत्र येऊन एक भारित पुंजका बनवतात. त्याला ते मायसेल म्हणाले. सांगतात की लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हे मांडलं तेव्हा अध्यक्षस्थानावरून एका वाक्यात निकाल लागला: हा निव्वळ मूर्खपणा आहे.

मूर्खपणा नव्हता. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं, शेपटीभोवती मात्र पाण्याच्या रेणूंना अवघडून, ताठरपणे बसावं लागतं. शेपट्या एकमेकींत लपल्या की पाणी मोकळं होतं. या मोकळेपणाच्या ओढीनेच पुंजका जमतो. रेणूंना कुणी बांधत नाही. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सोडियम डोडेसिल सल्फेटची मात्रा लिटरला सुमारे आठ मिलिमोल झाली की एकदम मायसेलं दिसू लागतात. एकेकात साठेक रेणू, व्यास चारेक नॅनोमीटर. मॅकबेन यांना पुंजके थरांच्या आकाराचेही वाटत होते. सौम्य द्रावणात ते गोल असतात, हे जी. एस. हार्टली यांनी १९३६ मध्ये ठामपणे मांडलं.

१९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि भटनागर तिचे सूत्रधार झाले. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारायची होती. रसायनाची प्रयोगशाळा पुण्याला आली. ६ एप्रिल १९४७ ला मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पाषाण रस्त्यावर कोनशिला बसवली आणि ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. तिचे पहिले संचालक कोण? स्टॅनफर्डहून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले जेम्स मॅकबेन.

पायसाचा काटा पाहणारा भटनागर आणि मायसेलांवरून हिणवला गेलेला मॅकबेन, दोघांनी तारुण्यात एकाच देशात, एकाच पदार्थाचा पिच्छा पुरवला होता. स्वतंत्र भारताच्या रसायनाची पहिली मोठी प्रयोगशाळा दोघांच्या हातून उभी राहिली. पुण्यात हे फारसं कुणी सांगत नाही. मॅकबेन १९५२ पर्यंत पुण्यात होते. १९५३ च्या मार्चमध्ये ते गेले, आणि १ जानेवारी १९५५ ला भटनागरही.

त्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा हिशेब पुढे लागला. १९७६ मध्ये इस्रायलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी दाखवलं की रेणूच्या शेपटीचं आकारमान, तिची लांबी आणि डोक्याला लागणारी जागा एवढं माहीत असलं की जुळणीचा आकार आधी सांगता येतो. डोकं ऐसपैस आणि शेपूट बारीक असेल तर गोल मायसेल; थोडी जाड शेपूट असेल तर लांब नळ्या; दोन शेपट्या असतील तर पडदे. शेपट्या डोक्यापेक्षा वरचढ झाल्या तर रचना उलटी होते. भटनागरांच्या बाटलीत घडलं ते हेच: बेरियमच्या एका आयनाने दोन शेपट्या एका डोक्याशी बांधल्या आणि पायसाने कूस बदलली. नॅनोरचना ‘डिझाइन’ करणं म्हणजे बऱ्याच अंशी रेणूचा हा आकार निवडणं. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी साबणासारख्या रेणूंच्या षट्कोनी मांडणीभोवती सिलिका जमवली, मग सेंद्रिय भाग जाळून टाकला. उरला सारख्या आकाराच्या, १.५ ते १० नॅनोमीटर रुंद छिद्रांचा पदार्थ. एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या घरातलं पृष्ठफळ.

पाषाणच्या प्रयोगशाळेलाही हा वारसा कामाला आला. गुरुस्वामी कुमारस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृष्ठक्रियाशील पदार्थाच्या गरम द्रावणात सिलिकाचे कण विखुरले. द्रावण थंड होताना षट्कोनी मांडणी उभी राहते, तिच्या वाढत्या प्रदेशांना कण आत नको असतात, आणि मग ते कडेकडेला ढकलले जाऊन आपोआप जाळं विणतात. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्याआधी मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याच्या नॅनोकणांवर मोठं काम उभं केलं होतं. २००२ चा भटनागर पुरस्कार शास्त्रींना मिळाला.

दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांच्या गटाचा एक निबंध ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. त्यासाठी त्यांनी गवती चहा उकळून त्याचा अर्क घेतला आणि सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात, साध्या खोलीच्या तापमानाला, मिसळला. अर्कातल्या द्रव्यांमुळे क्षारातलं सोनं सुटं झालं आणि त्याचे आधी बारीक गोल कण बनले. त्या कणांचा पृष्ठभाग जणू द्रवासारखा मऊ होता, त्यामुळे ते एकमेकांना येऊन भिडले, एकमेकांत मिसळले आणि त्यांच्यापासून सपाट, एकसंध स्फटिकाचे त्रिकोण तयार झाले. गोल कण दृश्य प्रकाश शोषतात; हे त्रिकोण त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही भरपूर शोषून घेतात.